कारखाना आपल्या गावात, पण ड्रॉइंग कुणाच्या गावात?

वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या व्हेंडरकडे मी सहा वर्षं काम केलं, आधी प्रेस शॉपला आणि मग टूल रूमला, म्हणजे जिथे डाय, भागाचे साचे, बनतात. तिथली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. एका परदेशी कंपनीच्या गाडीचा ब्रॅकेट आमच्याकडे बनायचा आणि बेंडच्या जागी त्याला क्रॅक जायचा, शंभरात सात-आठ पीस रिजेक्ट. प्रेसवरचा ऑपरेटर पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, साहेब इथं रेडियस वाढवा, अर्धा एमएम वाढवला तरी काम होईल. बरोबरच होतं त्याचं. आम्हाला कळत होतं, कस्टमरच्या क्वालिटीवाल्यालाही कळत होतं, पण ड्रॉइंग, म्हणजे त्या भागाचा मापांसकट आराखडा, बदलायचा अधिकार आमच्यापैकी कुणालाच नव्हता, ड्रॉइंग युरोपात होतं. मग रिक्वेस्ट गेली, पुण्याच्या ऑफिसातून पुढे गेली, सात महिन्यांनी मंजूर होऊन आली, आणि तोवरचं सगळं रिजेक्शन आमच्या मालकाच्या खिशातून.

तेव्हापासून परकीय गुंतवणुकीची बातमी वाचली की मी त्यात एकच गोष्ट शोधतो, आणि ती सहसा नसते. इतके हजार कोटी असतात, इतके हजार रोजगार असतात, मुख्यमंत्र्यांचा फोटो असतो, पण त्या कारखान्यात जे बनणार त्याचं ड्रॉइंग कुठे निघणार आणि ते बदलायचा अधिकार कुणाकडे राहणार हे कुठेच नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की परकीय गुंतवणुकीतून देश पुढे जातो की नुसता कामाला लागतो हे बऱ्याच अंशी ह्या एका गोष्टीवर ठरतं. हे हवेतलं बोलणं नाहीये, ज्यांनी हा प्रयोग अख्ख्या देशावर केला त्यांचा तीसेक वर्षांचा हिशोब आता समोर आहे. पूर्व युरोप. १९८९ नंतर ज्या देशांनी सरकारी नियोजनाची अर्थव्यवस्था मोडून बाजार आणला ते. त्यातले चेक आणि स्लोव्हाक मला जास्त जवळचे वाटतात, कारण १९९३ च्या १ जानेवारीपर्यंत तो एकच देश होता, सुरुवात एकच होती, आणि पुढे वाटा वेगळ्या झाल्या. आणि दुसरं कारण म्हणजे ह्या गोष्टीचे दोन-तीन धागे थेट आपल्या संभाजीनगर-पुण्यापर्यंत येतात.

आधी एक गैरसमज काढायला पाहिजे. चेक लोक म्हणजे काही मागास, परदेशी कंपनीची वाट बघत बसलेले नव्हते. आपल्याकडच्या जुन्या लोकांना जावा मोटरसायकल आठवते ना, ती तिथली. बाटा तिथल्या झ्लिन गावचा. एचएमटीचे ट्रॅक्टर आधी झेटॉरच्या सहकार्याने बनले, तो झेटॉर ब्रनोचा. म्लादा बोलेस्लाव गावात १८९५ साली लॉरिन आणि क्लेमेंट ह्या दोघांनी सायकली बनवायला सुरुवात केली, मग मोटरसायकली, मग गाड्या, आणि १९२५ साली ते प्लझेनच्या स्कोडा कारखान्यात विलीन झाले. आपल्याकडे स्कोडाच्या महागड्या मॉडेलवर एल अँड के लिहिलेलं असतं ते हेच दोघं. म्हणजे हातात कसब होतं, शंभर वर्षांचं. चाळीस वर्षांच्या कम्युनिस्ट राजवटीत भांडवल नव्हतं, बाजार नव्हता, तंत्रज्ञान मागे पडलं होतं, पण टूल रूममधली माणसं होती.

१९९० साली प्रश्न असा आला की हे सगळे सरकारी कारखाने द्यायचे कुणाला. तिथे दोन विचार समोरासमोर उभे राहिले. एका बाजूला संघराज्याचे अर्थमंत्री व्हाक्लाव्ह क्लाउस, त्यांचं म्हणणं कारखाने आपल्याच नागरिकांना वाटून टाका, व्हाउचर द्या, लवकर करा, बाजार आपोआप चांगला मालक शोधेल. दुसऱ्या बाजूला चेक सरकारचे उद्योगमंत्री यान व्हर्बा, त्यांचं म्हणणं मोठ्या कारखान्यांना खरा भागीदार लागतो, ज्याच्याकडे पैसा, तंत्रज्ञान आणि गिऱ्हाईक तिन्ही आहे, आणि तो बाहेरूनच येणार. भावनेने बघितलं तर आपल्यापैकी बहुतेकांना क्लाउस पटेल. आपला कारखाना आपल्या माणसाला, यापेक्षा चांगलं काय? मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

पण झालं काय बघा. १००० क्राउन भरून, म्हणजे तेव्हाचा साधारण आठवड्याभराचा पगार, प्रत्येक प्रौढ नागरिकाला व्हाउचरचं पुस्तक मिळायचं आणि त्यातले पॉइंट लावून शेअर घ्यायचे. पहिल्या फेरीत एकट्या चेक भागात जवळजवळ ६० लाख लोकांनी भाग घेतला. आता साध्या माणसाला कुठल्या कारखान्याचं काय मोल आहे हे कळणार कसं, मग फंड निघाले, तुमचे व्हाउचर आम्हाला द्या आम्ही बघतो. व्हिक्टर कोझेनी नावाचा तिशीच्या आतला एक तरुण आला, हार्वर्ड नावाचे त्याचे फंड होते, एका वर्षात दहापट परत देऊ अशी जाहिरात केली आणि लाखो लोकांनी विश्वास ठेवला. तो पुढे बहामाला जाऊन बसला आणि २०१० साली चेक कोर्टाने त्याला गैरहजेरीत शिक्षा सुनावली. ह्या सगळ्यातून चेक भाषेत एक शब्द रुजला, टुनेलोव्हानी, म्हणजे भुयार खणणं. कंपनी वरून उभी दिसते पण आतून भुयार काढून मालमत्ता बाहेर नेलेली असते. आणि बँका सरकारच्या हातात, त्या बँकांचेच फंड ह्या कंपन्यांचे मालक, आणि त्याच बँका त्या कंपन्यांना कर्ज देणार, मग बुडीत कर्ज वसूल करणार कोण. १९९७ साली चलनाचं संकट आलं, क्लाउसचं सरकार त्याच वर्षी पडलं, बँकांना वाचवायला जनतेचा पैसा गेला आणि शेवटी १९९९ ते २००१ च्या दरम्यान त्या मोठ्या बँका परदेशी बँकांनाच विकाव्या लागल्या. म्हणजे परदेशी मालक नको म्हणून जो रस्ता घेतला तो फिरून तिथंच गेला, मधे दहा वर्षं आणि लोकांचे पैसे घालवून.

ह्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण मला दोन स्कोडांचं वाटतं. गाड्यांची स्कोडा आणि प्लझेनची अवजड यंत्रांची स्कोडा, नाव एकच पण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रीयीकरणापासून दोन वेगळ्या कंपन्या. गाड्यांची व्हर्बांच्या रस्त्याने गेली, प्लझेनची देशी रस्त्याने. प्लझेनची सूत्रं लुबोमिर सोडेक ह्या चेक व्यवस्थापकाकडे आली, माणूस धडाडीचा होता, त्याने कर्ज काढून काढून विस्तार केला, अडचणीतल्या ट्रक कंपन्या घेतल्या, आणि १९९९ साली कर्जाच्या ओझ्याखाली त्याला जावं लागलं, समूहाचे तुकडे झाले. टर्बाइनचा भाग पुढे कोरियाच्या डूसानने घेतला. ट्राम-रेल्वेचा भाग मात्र वाचला, आज तो चेक मालकांच्याच हातात आहे आणि चांगला चालतोय, त्यामुळे देशी मालक म्हणजे बुडणारच असं मी म्हणणार नाही. पण मालकाकडे बाजार आणि पैसा नसेल तर नुसतं देशी असून भागत नाही एवढं त्यातून दिसतं.

आता गाड्यांची स्कोडा. डिसेंबर १९९० मध्ये सरकारने रेनोला बाजूला ठेवून फोक्सवॅगनला निवडलं आणि एप्रिल १९९१ मध्ये संयुक्त कंपनी सुरू झाली. फोक्सवॅगनने सगळी कंपनी एकदम घेतली नाही, आधी ३० टक्के घेतले, मग वाढवत नेले आणि २००० साली १०० टक्के. पण वाटाघाटीत एक गोष्ट पकडून ठेवली गेली, ती मला आकड्यापेक्षा मोठी वाटते. स्कोडा हा फोक्सवॅगन, ऑडी आणि सिआटच्या शेजारी समूहाचा चौथा स्वतंत्र ब्रँड राहील आणि म्लादा बोलेस्लावचा डेव्हलपमेंट विभाग राहील. त्या लोकांकडे दाखवायला काहीतरी होतं, १९८७ साली त्यांनी फेव्हरिट ही पुढच्या चाकांवर चालणारी नवी गाडी स्वतः उभी केली होती. मोकळ्या हाताने ते वाटाघाटीला बसले नव्हते, हा मुद्दा मी पुन्हा घेणार आहे.

सुरुवात गोड होती असंही नाही. १९९३ साली फोक्सवॅगन स्वतः मंदीत सापडली आणि ठरलेली गुंतवणूक तिने कापली, ठरलेलं कर्ज शेवटच्या क्षणी रद्द केलं, प्रागमध्ये मोठा गहजब झाला. करार कागदावर असतो आणि पैसा मालकाच्या मर्जीवर येतो, हे चेक लोकांना तेव्हाच कळलं. तरी १९९४ ला फेलिशिया आली, ती फेव्हरिटच्याच पायावर, १९९६ ला ऑक्टाव्हिया आली, आणि १९९१ ला वर्षाला पावणेदोन लाखाच्या आसपास गाड्या बनवणारी कंपनी २०१८ साली साडेबारा लाख गाड्या विकत होती. २००० साली कंपनीने स्वतःचं विद्यापीठ काढलं. म्लादा बोलेस्लावच्या डेव्हलपमेंट विभागात आज दोन हजारांच्या आसपास लोक काम करतात. म्हणजे ड्रॉइंगचा बराच हिस्सा अजून त्याच गावात निघतो.

ह्याहून मला आवडणारी गोष्ट नोव्ही यिचिन गावाची आहे, आणि तिथे आपलं संभाजीनगर येतं. त्या भागात एकोणिसाव्या शतकापासून गाड्यांचे दिवे बनायचे, आधी घोडागाडीचे कंदील, मग मोटारींचे हेडलॅम्प. कम्युनिस्ट काळात त्या कारखान्याचं नाव ऑटोपाल. १९९३ ला फोर्डने घेतला, मग फोर्डने सुट्या भागांचा धंदा वेगळा काढला तेव्हा तो व्हिस्टिऑनकडे गेला, आणि २०१२ साली व्हिस्टिऑनचा हा दिव्यांचा व्यवसाय विकत घेतला आपल्या तेव्हाच्या औरंगाबादच्या व्हॅरॉकने. वाळूजच्या चहाच्या टपरीवर तेव्हा आम्ही किती अभिमानाने बोलायचो हे, आपल्या गावच्या कंपनीने युरोपातला कारखाना घेतला. पुढे तो धंदा व्हॅरॉकला जड गेला, कर्ज वाढलं, आणि २०२२ मध्ये तो फ्रान्सच्या प्लास्टिक ओम्नियमला विकायचं ठरलं. अमेरिकन, पुन्हा अमेरिकन, भारतीय, फ्रेंच, तीसेक वर्षांत चार मालक. पण दिव्यांचं डिझाइन करणारे इंजिनिअर तिथेच राहिले, प्रत्येक नव्या मालकाने तेच विकत घेतलं, कारण तेच त्या धंद्याचं मोल होतं. मालक बदलला तरी गाव उघडं पडलं नाही. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा ह्या एका गावात आहे.

ब्रनोचंही असंच आहे, तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बनतात, जगातल्या साधारण एक तृतीयांश असं सांगितलं जातं. ती विद्या कम्युनिस्ट काळातल्या तिथल्या सरकारी टेस्ला कंपनीत (आजची अमेरिकन टेस्ला नव्हे) आणि अर्मिन डेलाँग ह्यांच्या संशोधनात तयार झाली होती, १९८९ नंतर तिथलेच लोक बाहेर पडून छोट्या कंपन्या काढू लागले आणि परदेशी कंपन्या त्यांच्या मागोमाग आल्या. आधी विद्या, मग गुंतवणूक.

स्लोव्हाकियाची गोष्ट वेगळी आणि मला थोडी जास्त अस्वस्थ करणारी. तिथे १९९८ पर्यंत व्लादिमिर मेचियारचं राज्य, कारखाने आपल्या जवळच्या लोकांना स्वस्तात दिले, कोशित्सेचा प्रचंड पोलाद कारखाना अशाच हातात जाऊन रसातळाला गेला आणि २००० साली यूएस स्टीलने घेतला. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट तर स्लोव्हाकियाला युरोपच्या मध्यातलं कृष्णविवर म्हणाल्या होत्या. मग मिकुलाश झुरिंदाचं सरकार आलं आणि दार एकदम सताड उघडलं. २००४ ला सगळ्यांना सरसकट १९ टक्के कर, त्याच वर्षी १ मे ला युरोपियन युनियनमध्ये प्रवेश, आणि गाड्यांच्या कंपन्यांची रांग लागली. ब्रातिस्लाव्हाला फोक्सवॅगन १९९१ पासून होतीच, २००६ मध्ये त्रनावाला प्युजो-सित्रोएन आणि झिलिनाला किया, २०१८ मध्ये नित्राला जग्वार लँड रोव्हर. ५४ लाखांचा देश, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा बराच लहान, आणि वर्षाला दहा लाखांच्या आसपास गाड्या बनवतो. लोकसंख्येच्या मानाने जगात सगळ्यात जास्त.

हे यश खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. २००१ साली तिथे बेकारी १९ टक्क्यांच्या आसपास होती आणि २०१९ ला ६ टक्क्यांच्या आत आली. ज्याच्या घरात कमावता माणूस दोन वर्षं घरी बसलाय त्याला जाऊन ड्रॉइंग कुणाचं आहे ते विचार असं सांगणारा मी कोण? तो आधी कामाला लागला पाहिजे, हे मान्य, पूर्ण मान्य. पण वीस वर्षांनंतरही प्रश्न तोच राहिला तर मात्र विचारायला पाहिजे. जून २०१७ मध्ये ब्रातिस्लाव्हाच्या फोक्सवॅगन कारखान्यात पहिल्यांदाच संप झाला, सहा दिवस. कामगारांचं म्हणणं सरळ होतं, आम्ही समूहाच्या सगळ्यात महागड्या गाड्या बनवतो, त्याच दर्जाच्या, आणि जर्मन कामगाराच्या मानाने पगार कितीतरी कमी. पंतप्रधान रॉबर्ट फिकोंनीही त्यांची बाजू घेतली. टप्प्याटप्प्याने १४ टक्क्यांवर वाढ मिळाली. दोन वर्षांनी हंगेरीत ग्योर इथे ऑडीच्या कामगारांनी आठवडाभर संप केला, इंजिनं गेली नाहीत म्हणून जर्मनीतल्या इंगोलस्टाटचा कारखाना थांबला आणि १८ टक्के वाढ मिळाली. चेकमध्ये कामगार संघटनांनी २०१५ पासून स्वस्त मजुरी संपवा अशी मोहीमच चालवली. तीन देश, तीन ठिकाणी तोच आवाज, तर त्यामागे काहीतरी सारखं आहे ना.

सारखं हे आहे की कारखाना स्वस्त मजुरीसाठी आला तर मजुरी वाढली की त्याचं येण्याचं कारणच संपतं. सरकार मग पगार वाढला तर काळजीत पडतं, हे किती उलटं आहे, आपल्या लोकांचा पगार वाढावा म्हणूनच तर कारखाना आणला होता! ज्या ठिकाणी डिझाइन आहे, टेस्टिंग आहे, टूल रूम आहे, तिथून कंपनी सहज उठत नाही, कारण ती माणसं दुसरीकडे तयार मिळत नाहीत. नुसती जोडणी मात्र ट्रकमध्ये भरून नेता येते. स्लोव्हाकिया संशोधनावर जीडीपीच्या एक टक्क्याच्या आसपास खर्च करतो, चेक त्याच्या जवळपास दुप्पट, आणि स्लोव्हाक हुशार मुलं मोठ्या संख्येने ब्रनो-प्रागला शिकायला जातात, त्यातली बरीच परत येत नाहीत. दरडोई उत्पन्नात चेक आज युरोपियन युनियनच्या सरासरीच्या ९० टक्क्यांच्या आसपास आहे, स्लोव्हाकिया पाऊणच्या आसपास अडकलाय. एवढं अंतर फक्त ड्रॉइंगमुळे पडलं असं म्हणणं चुकीचं होईल, पूर्व स्लोव्हाकियापर्यंत सलग महामार्ग अजून पूर्ण नाही, कारखाने सगळे पश्चिमेला, ही पण कारणं आहेत. पण लोकसंख्येच्या मानाने गाड्या जास्त बनवणारा मागे आणि कमी बनवणारा पुढे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

नित्राबद्दल थांबून सांगतो, कारण जग्वार लँड रोव्हर २००८ साली टाटा मोटर्सने घेतली आणि टाटांचं मुख्यालय मुंबईत. त्या कारखान्यासाठी १४० कोटी युरोंची गुंतवणूक ठरली आणि स्लोव्हाक सरकारने साडेबारा कोटी युरोंची मदत दिली, ती युरोपियन कमिशनने २०१८ मध्ये मंजूर केली. थेट नोकऱ्या तीन हजारांच्या आसपास. म्हणजे एका नोकरीमागे चाळीस हजार युरोंच्या घरात सरकारी पैसा. डिझाइन सगळं इंग्लंडमध्ये, नफा शेवटी येतो मुंबईच्या ताळेबंदात. नित्राच्या एखाद्या कामगाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा, त्याच्यासाठी आपण महाराष्ट्रातले लोक म्हणजे ते दूरचे मालक आहोत. आपण नेहमी स्वतःला गुंतवणूक घेणाऱ्याच्या जागीच बघतो, म्हणून ही दुसरी बाजू मला महत्त्वाची वाटते.

नफ्याच्या प्रश्नावर डावे मित्र नेहमी बोट ठेवतात आणि ते ठेवायलाच पाहिजे. फ्रेंच अर्थतज्ज्ञ तोमा पिकेती ह्यांनी हिशोब मांडला होता की २०१० ते २०१६ ह्या काळात चेक देशातून दरवर्षी सरासरी जीडीपीच्या ७.६ टक्के एवढा नफा आणि मालमत्तेचं उत्पन्न निव्वळ बाहेर गेलं, आणि युरोपियन युनियनकडून मदत म्हणून निव्वळ आलं १.९ टक्के. हंगेरीतून गेलं ७.२ आणि आलं ४. म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेला दान दिलं जातंय ही समजूत साफ चुकीची आहे. पण माझे डावे मित्र ह्यातून जे काढतात, की ही लूट आहे, ते मला पटत नाही. ज्याने भांडवल घातलं त्याला नफा जाणारच, तो नको असेल तर भांडवल कुठून आणणार ह्याचं उत्तर द्यावं लागेल, आणि व्हाउचरचं उत्तर आपण वर बघितलं. स्लोव्हेनियाने परदेशी मालकांना बराच काळ लांब ठेवून दाखवलं, क्रकासारखी औषध कंपनी स्वतःच्या बळावर उभी केली, तो रस्ता मला मनापासून आवडतो, पण त्याच स्लोव्हेनियाला २०१३ साली सरकारी बँका वाचवायला तीन अब्ज युरोंहून जास्त पैसा ओतावा लागला कारण देशी बँकांनी देशी ओळखीच्या लोकांना कर्ज वाटली होती. किंमत सगळ्यांनीच मोजली. जो नफा बाहेर जातो त्याच्या बदल्यात गावात काय मुरतं, हा प्रश्न मला लुटीच्या आरोपापेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो.

आणि ड्रॉइंग गावात असलं की सगळं सुटलं असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. २०१७ मध्ये स्कोडा इतकी चांगली चालली होती की समूहातल्या जर्मन लोकांनाच ती खुपायला लागली, तिची काही कामं जर्मनीत आणा, सामाईक तंत्रज्ञानाचे तिच्याकडून जास्त पैसे घ्या अशी मागणी आली आणि स्कोडाच्या युनियनला उभं राहावं लागलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये फोक्सवॅगनने प्लझेनजवळचा नियोजित बॅटरी कारखाना तूर्त नको म्हणून सांगितलं, चेक सरकार विमानतळाची जमीन मोकळी करून बसलं होतं. स्कोडाच्या नव्या सुपर्ब गाडीचं उत्पादन चेकमधल्या क्वासिनीहून ब्रातिस्लाव्हाला गेलं. शेवटचा शब्द वोल्फ्सबर्गचाच, म्हणजे फोक्सवॅगनच्या मुख्यालयाचा. पण हाच शब्द ऐकून म्लादा बोलेस्लाव भांडू शकतं, ब्रातिस्लाव्हा भांडलं तर फक्त पगारावर भांडू शकतं.

आता आपल्याकडे. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आला तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलांना वाटलं आता गावात गाडी बनणार. प्रत्यक्षात पेट्यांमधून सुटे भाग यायचे आणि जोडले जायचे, ऑक्टाव्हिया असो की नंतरची सुपर्ब. ज्या मुलांनी तिथे काम केलं ती शिस्त शिकली, क्वालिटी शिकली, त्याचा फायदा त्यांना आयुष्यभर झाला हे मी जवळून बघितलंय. पण आमच्या वाळूजच्या व्हेंडरांना त्यातून फारसं काही मिळालं नाही, कारण भागच बाहेरून येत होते. वाळूजचे व्हेंडर उभे राहिले ते बजाजमुळे, १९८५ पासून, भाग इथेच घ्यायचा हे त्यांचं धोरण होतं म्हणून. त्याच बजाजच्या सावलीत सुटे भाग बनवणारी एन्ड्युरन्स वाढली आणि आज तिचे कारखाने इटली-जर्मनीत आहेत.

मग २०१८ मध्ये फोक्सवॅगन समूहाने भारताची सूत्रं स्कोडाकडे दिली, एक अब्ज युरोंची योजना आली, जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात टेक्नॉलॉजी सेंटर सुरू झालं, आणि त्यातून भारतासाठी बदललेल्या प्लॅटफॉर्मवर २०२१ ला चाकणमध्ये कुशाक बनली, भाग बहुतांश इथलेच. शेंद्र्याच्या पेट्या आणि पुण्याचं सेंटर ह्यामध्ये अठरा वर्षं गेली. मला वाटतं हा फरक कुणी नीट मोजलाच नाही, पेपरात दोन्हीची बातमी सारखीच आली, इतके कोटी, इतके रोजगार. आणि चेक इंजिनिअरांनी १९९१ ला आपला विभाग वाचवला नसता तर २०१८ ला भारताची जबाबदारी घ्यायला म्लादा बोलेस्लावकडे कुणी उरलंच नसतं.

उलटं उदाहरणही जवळच आहे. तळेगावला जनरल मोटर्सने २००८ मध्ये कारखाना सुरू केला, २०१७ ला भारतात गाड्या विकणं थांबवलं, २०२० च्या डिसेंबरात उत्पादन बंद. हजारभर कामगार, त्यांची वर्षानुवर्षं चाललेली कोर्टातली लढाई, मधे चिनी कंपनीशी ठरलेला सौदा फिसकटला, आणि शेवटी ह्युंदाईने जागा, शेड आणि काही यंत्रं घेतली. नोव्ही यिचिनमध्ये चार मालकांनी इंजिनिअर विकत घेतले, तळेगावात पुढच्या मालकाने जमीन, इमारत आणि काही यंत्रं घेतली. तिथे विकत घेण्यासारखं दुसरं काही तयारच होऊ दिलं गेलं नव्हतं.

आपल्या राज्याच्या प्रोत्साहन योजनेत एखाद्या प्रकल्पाला मेगा दर्जा मिळतो तो किती भांडवल घातलं किंवा किती लोक लावले ह्यावर, आणि त्यानुसार जीएसटीचा परतावा. सरकारचा दोष म्हणून नाही सांगत, मोजायला सोपं तेच मोजलं जातं. पण मोजता येण्यासारखं अजून बरंच आहे. किती भाग राज्यातल्या व्हेंडरकडून घेतला, पाच वर्षांनी किती आणि दहा वर्षांनी किती. टूल रूम इथे आहे का. ड्रॉइंगमधला बदल मंजूर करणारा इंजिनिअर इथे बसतो का. गेल्या वर्षी इथल्या केंद्रातून किती डिझाइन बदल सुटले. जवळच्या पॉलिटेक्निकची किती मुलं डिझाइनला लागली, लाइनवर नाही. हे सगळं कंपनीच्या स्वतःच्या रेकॉर्डमध्ये असतंच, ऑडिटला आम्ही व्हेंडर लोकही असले कागद दर वर्षी देतो. परताव्याचा एक हिस्सा ह्या आकड्यांशी बांधला तर कुठलीही गंभीर कंपनी पळून जाणार नाही, फक्त शेड आणि सवलतीसाठी येणारी कदाचित येणार नाही.

आणि चेक लोक मोकळ्या हाताने बसले नव्हते हे मी मघाशी म्हटलं होतं. आपल्याकडेही हात मोकळे नाहीत. वाळूज, चाकण, भोसरी, सातपूर, गोकुळ शिरगाव, ह्या पट्ट्यात डाय बनवणारी जी माणसं आहेत ती बाहेरून आणता येत नाहीत, बऱ्याच जणांचं शिक्षण आयटीआयपर्यंतच असतं, पण पत्र्याकडे बघून ते सांगतात कुठे फाटणार. दावोसला सह्या होतात तेव्हा आपण जमीन देऊ, पाणी देऊ, वीज देऊ, कर परत देऊ असं म्हणतो, ह्या माणसांचं नावही यादीत नसतं. पुढच्या जानेवारीत पुन्हा यादी येईल, त्यात प्रकल्पाच्या नावापुढे गुंतवणूक, रोजगार आणि जिल्हा असे तीन रकाने असतील. मला चौथा हवाय, ड्रॉइंग मंजूर करणाऱ्या ऑफिसच्या पत्त्याचा.